काहीही न शिकवल्याचे बारा दाखले

सरकारी अर्जात नम्रपणा करू नये, हे मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आणि कुणी काहीच सांगितलं नाही, हेच पुढे मला बारा जणांकडून लेखी आणावं लागलं, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार?

अर्ज होता लोककला महोत्सवाचा. मी चिंध्यांची चित्रं करते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर टेलरकाकांचं दुकान आहे. त्यांच्याकडे उरलेले तुकडे ते पिशवीत भरून जिन्यातून येताजाता आमच्या दाराच्या कडीला अडकवून जातात आणि मी ते जुन्या चादरींवर टाचते. कुणाकडे शिकले नाही. हातांना स्वस्थ बसता येत नाही एवढंच. टीव्हीसमोर बसले तर सोफ्याचे धागे ओढते, फोनवर बोलताना कॅलेंडरचे कोपरे कुरतडते. शेवटी ह्यांनीच वैतागून म्हटलं, काहीतरी हातात घे, नाहीतर हे घर उसवेल.

त्यातलं मोठं चित्र म्हणजे आमच्या गॅलरीतून दिसणारी गल्ली. दोन डबल चादरी जोडल्यात. चार वर्षं चाललंय. आणि गंमत अशी, की ते पुरं चित्र मी कधी बघितलेलंच नाही. आमच्या घरात सर्वांत लांब मोकळी जागा म्हणजे फ्रिजपासून बाथरूमच्या दारापर्यंत, तीही दार उघडं ठेवलं तर. पलंगावर पसरलं की अर्धी गल्ली खाली लोंबते. स्टुलावर चढून बघितलं, तर डोकं पंख्याला लागतं. एकदा मी ते गच्चीच्या कठड्यावरून सोडलं आणि रस्त्यावरून बघावं म्हणून पाच जिने धावत उतरले. खाली पोहोचले तेव्हा भिंत मोकळी. सेक्रेटरींनी चित्र वर ओढून, घडी करून, 'सामायिक भिंतीवर धुणे वाळत घालू नये' अशी चिठ्ठी त्याला टाचणीने लावून ठेवली होती. घडी मात्र छान घातली होती.

महोत्सव भरणार होता रेल्वेच्या जुन्या मालगोदामात. मी आधीच जाऊन पावलं मोजून आले होते. ऐंशी. या टोकाला चित्र लावलं, तर त्या टोकाहून बघता येईल. मला तेवढंच हवं होतं. (बक्षीसही हवं होतं. पण ते दुसऱ्या नंबरवर.)

अर्जात एक रकाना होता, 'कला कोणाकडून शिकलात'. मी पेन घेऊन अडले. 'कुणाकडूनही नाही' असं लिहिणं म्हणजे केवढा तो ताठा. माणसं म्हणतील, हिला फार झालंय. आमचे हे विमा कंपनीत दाव्यांची पत्रं लिहितात, त्यामुळे घरातला कुठलाही कागद त्यांच्या हाताखालून जातो. त्यांनी सुचवलं आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सर्वांच्या मार्गदर्शनाने व आशीर्वादाने.'

सोमवारी महोत्सवाच्या कार्यालयातून बोलावणं आलं. खिडकीत एक गृहस्थ होते, ज्यांच्यापुढे सात शिक्के ओळीने उभे होते आणि एकही सरळ नव्हता. माझ्या मनात त्यांचं नाव तेव्हाच शिक्केसाहेब पडलं.

"तुम्ही स्वयंशिक्षित विभागात अर्ज केलाय," ते म्हणाले, "आणि लिहिलंय सर्वांच्या मार्गदर्शनाने. सर्वांच्या म्हणजे कोणाच्या?"

"म्हणजे... सगळ्यांच्याच."

"नावं सांगा."

"अहो, ते तसं लिहायचं असतं."

"तसं लिहायचं असतं, हे कोणी शिकवलं?"

"आमच्या ह्यांनी."

शिक्केसाहेबांनी तेही टिपून घेतलं.

मी पुष्कळ समजावलं. ते शांतपणे म्हणाले, की ज्यांनी मार्गदर्शन केलं असं मी लिहून दिलंय, त्यांनी केलं नसल्याचं आता त्यांनीच लिहून द्यायला हवं. मुदत शुक्रवार, दुपारी एक. पण सर्व म्हणजे किती, हे आधी ठरवा. आणि इथे माझी जीभ घसरली. गांगरून मी म्हणून गेले, सर्व म्हणजे आमच्या इमारतीतले. त्यांनी लगेच लिहिलं, 'इमारतीतील सर्व'. अकरा बिऱ्हाडं आणि टेलरकाकांचं दुकान. बारा.

माझ्यामागे रांगेत एक निवृत्त बस ड्रायव्हर उभे होते. तारेचे प्राणी करतात. काखेत जिराफाची मान घेऊन आले होते, बाकीचा जिराफ घरी होता. मी त्यांना विचारलं, तुम्ही त्या रकान्यात काय लिहिलंत? ते म्हणाले, "कुणी नाही." एवढंच. तेवढ्यावर पास झाले. त्यांच्याही मागे एक नर्सबाई होत्या, साबणाच्या वड्यांवर घरं कोरणाऱ्या. त्यांनी नुसती एक रेघ ओढली होती, तीही चालली. सबंध रांगेत सभ्यपणा मी एकटीनेच केला होता.

घरी आल्यावर ह्यांनी मोठ्या उत्साहाने मसुदा केला. 'मी खाली सही करणार असे लिहून देतो/देते की, सदर महिलेस मी कोणत्याही प्रकारे, केव्हाही, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, काहीही शिकविलेले नाही. पुढेमागे तसा दावा करणार नाही.' बारा प्रती काढल्या.

पहिली सही सासूबाईंची. मला वाटलं होतं, चोवीस वर्षांच्या संसारानंतर त्या जरा दुखावतील. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हिला मी काही शिकवू शकले नाही, हे मी पहिल्या वर्षापासून सांगतेय. कुणी लिहून घेत नव्हतं." सही केली, खाली तारीख घातली, आणि आणखी एखादी प्रत लागली तर लाजू नकोस म्हणाल्या.

बाकीची बिऱ्हाडं इतकी सोपी निघाली नाहीत. आमच्या इमारतीत माझ्या चित्रांची आजवर कुणी दखल घेतली नव्हती. पण 'तुम्ही हिला काही शिकवलेलं नाही' असं छापील आलं, की माणसाचा स्वाभिमान जागा होतो. समोरच्या वहिनींनी कागद वाचून दाराची साखळीच लावून घेतली. फटीतून म्हणाल्या, काहीही नाही? तुमच्या दाराचं कुलूप वर उचलून फिरवायचं असतं, हे कुणी शिकवलं? गॅस सिलिंडरची नळी कशी तपासायची, हे? मी म्हटलं, वहिनी, त्याचा चित्राशी संबंध नाही. त्या म्हणाल्या, कागदात तर 'कोणत्याही प्रकारे' लिहिलंय. मुद्दा बिनतोड होता. शेवटी पेनने लिहिलं, 'कुलूप व नळी वगळून', आणि साखळी निघाली.

ही बातमी माझ्याआधी जिना चढली. मग प्रत्येक दारात एकेक 'वगळून' तयार. दुसऱ्या मजल्यावर 'कुंड्यांना पाणी किती घालावे हे वगळून'. तिसऱ्यावर 'हिशेबी राहण्याचे सल्ले वगळून'. दातांच्या डॉक्टरांनी तर माझं तोंड उघडून बघितलं, ब्रश अजून आडवाच फिरवताय म्हणाले, आणि 'शिकवले होते, शिकल्या नाहीत' असा शेरा मारून सही केली. सेक्रेटरींनी सही करण्याआधी कागद सभेपुढे ठेवावा लागेल म्हणून सांगितलं. धुण्याची ती चिठ्ठी कुठल्या सभेपुढे ठेवली होती, असं ह्यांनी त्यांना विचारलं, तेव्हा तातडीची सभा जिन्यातच भरून ठराव पास झाला.

मंगळवार, बुधवार माझे पायऱ्यांवर गेले. मला बसवेना. चहा ओतायचा आणि तो निवेपर्यंत चौथा मजला करून यायचं. रिकाम्या हाताला चाळा म्हणून मिळालेल्या दाखल्यांच्या कडा मी इतक्या चुरगाळल्या, की हे म्हणाले, दाखले सादर करायचेत, धुवायचे नाहीत.

अवघड होते ते ड्रॉइंगचे सर. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, चार वर्षांपूर्वी जिन्यात भेटलो असता 'छाया डावीकडे पडू द्या' असं ते मला म्हणाले होते, त्यामुळे मी त्यांची विद्यार्थिनी ठरते. मी म्हटलं, माझ्या चित्रात छायाच नाही. ते चित्र बघायला आले. पलंगाशी स्टुलावर उभे राहिले, पंखा बंद करवला, आणि बराच वेळ माझ्या गल्लीकडे बघत राहिले. मी पदर पिळत उभी. (त्या पदराच्या चुण्या नंतर इस्त्रीनेही हटल्या नाहीत.)

"रस्ता वरती रुंद होतोय," सर म्हणाले. "लांबचा माणूस जवळच्यापेक्षा मोठा. खिडक्या प्रत्येक वेगळ्या दिशेला पडताहेत." मग स्टुलावरूनच कागद मागितला. "हे मी शिकवलेलं नाही, हे आनंदाने लिहून देतो. शिकवलं असतं, तर असं झालं नसतं." सहीखाली त्यांनी रेघही ओढली.

मी कागद घेतला. चेहरा हसरा ठेवायचा प्रयत्न केला, तो किती जमला कोण जाणे. दारापर्यंत गेल्यावर सर वळले. "पण रंग," म्हणाले. "रंग कसे काय बसले? त्या भिंतीशेजारी तो राखाडी ठेवायला लोकांना दहा वर्षं लागतात. ते कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, मनाचेच. आणि हे खोटं नव्हतं. माझ्याबद्दल कुणी कधी एक बरं बोललं असेल, तर ते हेच, की हिला रंगाची जाण उपजत आहे. तेवढ्या एका वाक्यावर मी चार वर्षं काढली होती. सर गेल्यावर मी ते वाक्य दिवसभर तोंडात घोळवत होते.

गुरुवारी दुपारी अकरा दाखले झाले. उरले टेलरकाका. त्यांची मला काळजी नव्हती. चार वर्षांत आमचं बोलणं असं कधी झालंच नव्हतं. पिशवी कडीला यायची, रिकामी पिशवी मी जिन्याच्या खुंटीला अडकवायची, की ती परत भरून यायची. कपडे शिवायलासुद्धा सासूबाईच देऊन यायच्या.

दुकानात एक गिऱ्हाईक बाही लांब झाल्याबद्दल भांडत होतं. मी काउंटरच्या बाजूला थांबले. काकांनी एका हाताने गिऱ्हाइकाची बाही धरली होती, आणि दुसऱ्या हाताने ते कापायच्या टेबलाखालच्या ढिगातून तुकडे उचलत होते. निळसर करडा घेतला. मोहरीच्या रंगाशी धरला, ठेवून दिला. विटकरीशी धरला. मान किंचित हलवली, दोन्ही एकत्र गुंडाळून दोऱ्याने गाठ मारली, आणि माझ्या पिशवीत टाकलं. पिशवीवर खडूने आमच्या घराचा नंबर होता.

गिऱ्हाईक गेलं तरी मी तिथेच. मग विचारलं, काका, हे काय करताय?

"तुमचंच," ते म्हणाले. "एकमेकांशेजारी बरे दिसतात ते एकत्र बांधतो. तुम्ही पहिली चादर केलीत ना, ती गॅलरीत वाळत होती तेव्हा बघितली. हिरव्याला हिरवं भिडवलं होतंत. म्हटलं, बाईंना बांधून दिलं तर सोपं जाईल."

मी त्या गाठोड्यांकडे बघत राहिले. चार वर्षं मी पिशवीतून एकेक गाठोडं सोडायचे आणि जसं निघेल तसं एकाशेजारी एक लावत जायचे. मला वाटायचं, नशिबाने काय छान रंग येतात बघ एकत्र. नशीब तळमजल्यावर बसून, गळ्यात टेप घालून, गाठी मारत होतं.

काकांनी माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला, वाचला आणि पेन मागितलं. वगळायला काही नाही, अट नाही. बारा जणांत हा एकच माणूस, ज्याला काही लिहून हवं नव्हतं. "बरोबर आहे," म्हणाले. "मी कुठे काय शिकवलंय. आपण बोललोसुद्धा नाही कधी."

पेन कागदाला टेकलं आणि मी कागद ओढला. सहीची नुसती एक रेघ उमटली.

"राहू द्या, काका."

"का?"

मी पिशवी न घेताच जिना चढले.

घरी ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या मते तुकडे बांधून देणं हा पुरवठा, शिक्षण नव्हे. सही घ्यावी आणि मोकळं व्हावं. सासूबाई म्हणाल्या, तो स्वतः द्यायला तयार आहे, तुझंच काय अडलंय? माझं अडलं होतं. मी फ्रिजपासून बाथरूमपर्यंत आणि परत अशा फेऱ्या घालत होते. खरं सांगायचं, तर मला त्या भल्या माणसाचा राग आला होता. कुणी मागितलं होतं तुम्हाला? माझ्याकडे एकच तर गोष्ट होती माझी म्हणण्यासारखी. आणि सही घेतली, तर त्या ऐंशी पावलांवरून मी बघणार काय? त्यांनी निवडलेले रंग, आणि खाली चिठ्ठी, की मला कुणी काही शिकवलं नाही. तेही त्यांच्याच सहीने.

शुक्रवारी सकाळी दहाला मी शिक्केसाहेबांच्या खिडकीत होते. म्हटलं, विभाग बदलून द्या. मला शिकवलंय. त्यांनी अकरा दाखले बघितले, 'कुलूप व नळी' वाचून क्षणभर थांबले, आणि दुसरा फॉर्म काढला. त्यात शिकवणाऱ्याचं नाव, आणि त्याला कोणी शिकवलं त्याचं नाव. त्यांना कुणी नाही शिकवलं, मी म्हटलं. म्हणजे ते स्वयंशिक्षित, शिक्केसाहेब म्हणाले. हो. मग महोत्सवात यायचा अधिकार त्यांचा, तुमचा अर्ज कशावर आहे?

मागे रांगेत जिराफवाले होते, आज मागचे पाय घेऊन आलेले. त्यांनी मान पुढे काढली. "साहेब, दोघांनी मिळून केलेलं काम चालत नाही का? मागच्या वर्षी त्या दोघी बहिणी होत्या." शिक्केसाहेबांनी नियमावली उघडली. चालत होतं. सहकलाकार. दोघेही एकमेकांखेरीज कुणाकडे न शिकलेले, दोघांच्याही सह्या, दोघेही समक्ष, एकच्या आत.

मी बसने परत आले तेव्हा साडेअकरा. दुकानात शिरून एका दमात सगळं सांगितलं. आणि काल एका झटक्यात सही करायला निघालेला हा माणूस आज पेनाला हात लावेना. 'सहकलाकार' या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं, उचललं, परत ठेवलं. मी कापतो, शिवतो, म्हणाले. हे असलं काही माझ्या नावापुढे बरं दिसत नाही. लोक हसतील. उद्या गिऱ्हाईक म्हणेल, कलाकार झालात, म्हणून बाही लांब ठेवता काय.

मी काउंटरच्या पुढे येरझाऱ्या घालत होते. घड्याळ बारा दाखवत होतं. शेवटी विचारलं, "काका, भिंतीशेजारचा तो राखाडी. तसलं कापड मी कुणाच्या अंगावर बघितलं नाही. कोणाचं होतं ते?"

काकांनी इकडेतिकडे बघितलं. "माझ्या कोटाचं अस्तर," म्हणाले. "ढिगात मिळेना. चादर गॅलरीत वाळत असली की खालून बघायचो, बाकी कशानेच ती भिंत मागे जात नव्हती." आणि मग, चूक कबूल केल्यासारखं, "अस्तर कुठे कुणाला दिसतं."

मी पेन पुढे धरलं. त्यांनी सही केली, मान खाली घालून, आणि दुकानाला कुलूप लावलं. बसमध्ये तोच कोट घालून माझ्याशेजारी बसले होते. मध्ये मध्ये कोटाची पुढची बाजू हाताने मिटून धरत होते. एकला सहा मिनिटं कमी असताना आमच्या अर्जावर शिक्का बसला. वाकडा.

महोत्सवाच्या पहिल्या सकाळी गोदामात शिडीवरच्या माणसाने चित्र टांगलं. मी पाठमोरीच चालायला लागले, वळून बघायचं नाही असं ठरवून. साबणाची घरं ओलांडली. जिराफ, आता अखंड, ओलांडला. ऐंशी पावलं झाल्यावर दरवाजाची चौकट लागली, तिथे वळले.

गल्ली होती. आमचीच. रस्ता वरती रुंद होत होता, सर म्हणाले होते तसाच, आणि त्यामुळे तो आपल्या अंगावर चालून आल्यासारखा वाटत होता. लांबचा माणूस सर्वांत मोठा. खिडक्या चारी दिशांना. आणि त्या सगळ्यांना मागे ती राखाडीशेजारची भिंत धरून होती. मग माझी नजर खाली उजवीकडे गेली. तिथे एक लाल तुकडा होता, आणि तो दरवाजापर्यंत ओरडत होता.

टेलरकाका कधी शेजारी येऊन उभे राहिले, कळलं नाही. तेही तिथेच बघत होते.

"ते लाल माझ्या पिशवीतलं नाही," ते म्हणाले.

"नाही. तुम्ही आठ दिवस गावाला गेला होतात. मला थांबवेना. जुन्या छत्रीचं कापून लावलं."

त्यांनी कोटाच्या खिशातून छोटी कात्री काढली. "उसवू? दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू द्या. तेवढं एक माझं आहे."

कात्री खिशात गेली. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसत होतं. पुढचे चार दिवस आम्ही चित्राखाली दोन खुर्च्या टाकून बसलो. लोक येत होते, बघत होते, काही जण लाल तुकड्यावर बोट ठेवत होते. काका येणाऱ्याच्या शर्टाची मापं नजरेने घेत होते, आणि मी कोटाच्या त्या खिशावर नजर ठेवून होते. एवढं अस्वस्थ मला ते दाखले गोळा करतानाही वाटलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी दहा मिनिटं चहाला गेले. परत आले तेव्हा काका खुर्चीत ताठ बसून छताच्या पत्र्याकडे बघत होते. लाल तुकडा जागेवर होता. फक्त त्याच्या कडेला बोटभर रुंदीची गडद निळी पट्टी टाचलेली होती, कुठून आणली कोण जाणे. टाके धावदोऱ्याचे, माझ्यासारखेच, थोडे वेडेवाकडे. त्यांनी मुद्दाम वाकडे घातले असणार, त्यांचा टाका वाकडा पडत नाही.

मी दरवाजापर्यंत चालत गेले आणि वळून बघितलं. लाल होतं. आता ओरडत नव्हतं, नुसतं बोलत होतं.

परत येऊन मी माझ्या खुर्चीवर बसले. कोटाच्या त्या खिशावर नजर ठेवणं मात्र सोडून दिलं.